ऑप्शन फॉर्ममध्ये पहिल्या नंबरवर काय लिहायचं? इंजिनिअरिंग प्रवेशात सगळ्यात महाग पडणारी चूक इथेच होते

सीईटीचा निकाल लागला की महिनाभर घराघरात एकच चर्चा असते. "अमुक पर्सेंटाइलला तमुक कॉलेज मिळेल का?" व्हॉट्सॲप ग्रुपवर कटऑफच्या पीडीएफ फिरतात. युट्युबवर रात्री अकराला 'लाइव्ह काउन्सेलिंग' सुरू होतं. कुणीतरी सांगतं की काही हजार रुपये दिले तर आम्ही तुमची 'प्रेफरन्स लिस्ट' बनवून देतो.

यातली बरीचशी धावपळ कटऑफ बघण्यात जाते. पण मुलाला शेवटी कुठली जागा मिळणार हे ठरवणारी आणि पूर्णपणे आपल्या हातात असलेली गोष्ट एकच आहे, ती म्हणजे ऑप्शन फॉर्ममधला क्रम. पर्सेंटाइल आता बदलत नाही. आरक्षण, जागा, फी हे सगळं वरून ठरतं. क्रम मात्र तुम्ही लिहिता. २०२५-२६ च्या प्रवेशापासून ऑटो फ्रीजचा नियम जास्त कडक झाल्यामुळे या क्रमाला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त किंमत आली आहे.

आधी, कॉम्प्युटर जागा वाटतो कशी?

महाराष्ट्रात इंजिनिअरिंगचे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे आपण ज्याला 'सीईटी सेल' म्हणतो, तो करतो. या केंद्रीभूत प्रक्रियेला कॅप राउंड म्हणतात. मूळ तत्त्व अगदी साधं आहे. गुणवत्ता यादीत जो सगळ्यात वर, त्याचा फॉर्म आधी उघडतो. त्याच्या पहिल्या पर्यायात जागा आहे का? असेल तर दिली. नसेल तर दुसरा पर्याय, मग तिसरा. तो झाला की पुढचा विद्यार्थी.

तुमचा नंबर येतो तेव्हा तुमच्यापेक्षा मागच्या कुणालाही अजून काहीच मिळालेलं नसतं. म्हणजे तुम्ही एखादं कॉलेज पहिल्या नंबरवर लिहिलं की दहाव्या, याने तिथली तुमची 'शक्यता' वाढत किंवा कमी होत नाही. दहाव्या नंबरवर लिहिलेल्या कॉलेजात तुमच्यापेक्षा कमी मेरिटचा मुलगा केवळ "त्याने ते पहिल्या नंबरवर टाकलं होतं" म्हणून तुमच्या आधी शिरू शकत नाही.

हे वाक्य पुन्हा एकदा वाचा, कारण निम्म्या घरांतला गोंधळ इथेच आहे. "मोठी कॉलेजं वर टाकली तर खालचं हातातलं जाईल" ही भीती निराधार आहे. ९२ पर्सेंटाइलच्या मुलाने पहिल्या नंबरवर पुण्याच्या सीओईपीचं कॉम्प्युटर लिहिलं, तर ते त्याला मिळणार नाही एवढंच. कॉम्प्युटर त्याच्या दुसऱ्या पर्यायाकडे जाईल. दंड काही नाही. असे ३०० पर्यंत पर्याय भरता येतात. तरी बरीच मुलं पंधरा-वीस कॉलेजांवर थांबतात आणि मग "मला काहीच अलॉट झालं नाही" म्हणून रडकुंडीला येतात.

मग चूक कुठे होते?

ऑटो फ्रीजमध्ये. २०२५-२६ मध्ये तीनऐवजी चार कॅप राउंड झाले आणि नियम असा होता: पहिल्या राउंडमध्ये पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो आपोआप गोठणार. दुसऱ्या राउंडमध्ये पहिल्या तीनपैकी काहीही मिळालं तर गोठणार. तिसऱ्या राउंडमध्ये पहिल्या सहापैकी. गोठलं म्हणजे ती जागा घ्यायची. घेतली नाही तर पुढच्या कॅप राउंडमधून बाहेर.

आता समजा, सांगलीची एक मुलगी आहे. तिला मनापासून हवंय 'अ' कॉलेजचं आयटी, नाही तर 'ब' चं कॉम्प्युटर. 'क' कॉलेज घराजवळचं आहे, चालेल असं आहे आणि गेल्या वर्षीचा कटऑफ बघता नक्की मिळणारं आहे. काका सांगतात, "आधी एक सीट पक्की करू, मग बघू वरचं." म्हणून 'क' पहिल्या नंबरवर जातं.

पहिल्या राउंडमध्ये 'क' मिळतं. घरात पेढे. आणि तिथेच दार बंद. पहिला पर्याय मिळाला म्हणजे तिला जे सगळ्यात जास्त हवं होतं ते मिळालं असंच सिस्टिम समजते. दुसऱ्या राउंडमध्ये आयआयटी-एनआयटीला गेलेल्या किंवा खाजगी विद्यापीठात प्रवेश घेतलेल्या मुलांच्या जागा सुटतात, 'अ' चं आयटी खाली उतरतं आणि तिच्यापेक्षा चारशे नंबर मागे असलेल्या मुलाला मिळतं. त्याने फक्त क्रम बरोबर लिहिला होता. तक्रार करायची तर कुणाकडे? नियमाप्रमाणे सगळं बरोबरच झालंय.

"आधी सीट पक्की करू" हा सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण सीट पक्की करायची व्यवस्था या प्रक्रियेत वेगळी आहे, तिचं नाव 'बेटरमेंट'. मिळालेली जागा स्वीकारायची, सीट ॲक्सेप्टन्स फी (गेल्या प्रक्रियेत १,००० रुपये) भरायची आणि बेटरमेंटचा पर्याय निवडायचा. पुढच्या राउंडमध्ये वरचं काही मिळालं तर आधीची जागा आपोआप रद्द होते, नाही मिळालं तर हातातली शाबूत राहते. सुरक्षित कॉलेज यादीत हवंच, पण ते त्याच्या खऱ्या जागी, म्हणजे जास्त आवडीच्या सगळ्या पर्यायांच्या खाली.

इथे एक बारकावा आहे, जो बहुतेक व्हिडिओंमध्ये सुटतो. दुसऱ्या-तिसऱ्या राउंडला पहिले तीन, पहिले सहा पर्याय गोठतात, म्हणून वरच्या जागा 'वास्तववादी' पर्यायांनी भरून टाकणं अंगाशी येतं. तिसऱ्या राउंडला तुमच्या पहिल्या सहात एखादं असं कॉलेज असेल ज्याच्याबद्दल तुम्ही मनातून साशंक आहात, तर ते मिळालं की संपलं. म्हणून वरचे सहा असे हवेत की त्यातलं कुठलंही मिळालं तरी घरात कुणाला हळहळ वाटू नये. त्यातले दोन-चार आवाक्याबाहेरचे असले तरी बिघडत नाही. उलट बरंच, कारण त्यामुळे खालचा पर्याय गोठण्याच्या कक्षेबाहेर राहतो आणि तो आवडलाच तर स्वतःहून फ्रीज करता येतो. स्वतःहून थांबणं आपल्या हातात असतं, ऑटो फ्रीज नसतं.

आणि पुढच्या राउंडला फॉर्म नव्याने भरताना, हातातल्या जागेपेक्षा कमी वाटणारी कॉलेजं लिहूच नका. नवीन अलॉटमेंट झालं की जुनं जातं. "फॉर्म रिकामा दिसतोय" म्हणून खालची दहा नावं भरणारे पालक असतात. रिकामा दिसू द्या.

राउंडची संख्या आणि गोठण्याचे आकडे सरकार दरवर्षी बदलू शकतं. तुमच्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेतला हा एक परिच्छेद स्वतः वाचा. बाकी पुस्तिका नाही वाचली तरी एकवेळ चालेल.

कटऑफची पीडीएफ वाचायची कशी

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे आता बहुतेकांना माहीत आहे. ९३ पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या सत्रात परीक्षा दिलेल्यांपैकी ९३ टक्के मुलं तुमच्या बरोबरीला किंवा मागे. परीक्षा अनेक सत्रांत होते, त्यामुळे वेगवेगळ्या सत्रांत बसलेल्या दोन मित्रांनी आपापले मार्क शेजारी ठेवून काहीच कळत नाही. पीसीएम गटाची परीक्षा अलीकडे ४ लाखांहून जास्त मुलं देतात. ४ लाख धरले तरी ९३ पर्सेंटाइलच्या पुढे साधारण २८,००० मुलं असतात.

म्हणून कटऑफ बघताना पर्सेंटाइलपेक्षा मेरिट नंबरकडे लक्ष द्या. पीडीएफमध्ये दोन्ही दिलेलं असतं. परीक्षा देणाऱ्यांचा आकडा वर्षागणिक बदलतो, त्यामुळे गेल्या वर्षीचे ९३ आणि यंदाचे ९३ सारखे नसतात. मेरिट नंबर फक्त कॅपला नोंदणी केलेल्यांमध्ये लागतो, त्यामुळे तो जास्त खरा अंदाज देतो.

पण खरी गडबड होते रकान्यांत. प्रत्येक कॉलेजखाली 'जी-ओपन-एच', 'एल-ओबीसी-ओ' असे संकेत असतात. पहिलं अक्षर जी म्हणजे जनरल, एल म्हणजे लेडीज. मधे प्रवर्ग. शेवटचं अक्षर सगळ्यात जास्त दुर्लक्षित आणि सगळ्यात महत्त्वाचं: एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे त्याबाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तर. सांगलीच्या मुलीने पुण्यातल्या संलग्न कॉलेजचा 'एच' रकाना बघून खूश किंवा नाराज होण्यात अर्थ नाही. तिचा रकाना 'ओ' आहे आणि दोघांत बऱ्यापैकी फरक असू शकतो.

बरं, होम युनिव्हर्सिटी ठरते कशावरून? राहत्या पत्त्यावरून नाही. सर्वसाधारण 'टाइप ए' उमेदवारासाठी बारावी जिथून पास झालात त्या कॉलेजवरून. सांगलीचं मूल अकरावी-बारावीला लातूरला गेलं असेल तर त्याची होम युनिव्हर्सिटी कोल्हापूरची शिवाजी विद्यापीठ नसून नांदेडची स्वामी रामानंद तीर्थ होते. 'लातूर पॅटर्न' निवडताना हे फार कमी लोकांना कुणी सांगतं.

मुलींनी जी आणि एल दोन्ही रकाने बघायचे. राखीव प्रवर्गातल्या मुलांनी ओपनचा रकानाही बघायचा, कारण मेरिटमध्ये बसत असतील तर त्यांचा विचार खुल्या जागेसाठीही होतो. मुंबईत आणखी एक गोष्ट: काही नामवंत कॉलेजं भाषिक अल्पसंख्याक आहेत, उदाहरणार्थ द्वारकादास संघवी (गुजराती) किंवा विवेकानंद एज्युकेशन सोसायटीचं (सिंधी). तिथे बाकीच्यांसाठी जागाच कमी उरतात, म्हणून कटऑफ चढा दिसतो. त्यावरून कॉलेजच्या दर्जाचा सरळ निष्कर्ष काढू नका.

जाता जाता: बेळगाव, निपाणी, कारवार या सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी 'टाइप ई' नावाची वेगळी तरतूद आहे. तिकडचे नातेवाईक असतील तर त्यांना जरूर सांगा.

गेल्या वर्षीचा कटऑफ किती भरवशाचा?

पूर्वी होता त्यापेक्षा कमी. एआयसीटीईने २०२४-२५ पासून चांगल्या संस्थांसाठी एका ब्रांचमधल्या जागांवरची कमाल मर्यादा काढून टाकली. परिणाम असा की शहरातल्या मागणी असलेल्या कॉलेजांनी कॉम्प्युटर आणि त्याच्या भावंडांच्या, म्हणजे एआय-डेटा सायन्स, एआयएमएल वगैरेंच्या तुकड्या वाढवल्या. जिथे १२० मुलं होती तिथे २४० झाली की कटऑफ खाली येणारच. मुलांना आनंद होतो, पण एक प्रश्न विचारायला हवा: मुलं दुप्पट झाली, शिक्षक आणि लॅब दुप्पट झाल्या का? प्लेसमेंटला येणाऱ्या कंपन्या दुप्पट झाल्या का? कॉलेजच्या आवारात जाऊन तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलांना गाठलंत तर पाच मिनिटांत उत्तर मिळेल. माहितीपत्रकात ते छापलेलं नसतं.

ब्रांच की कॉलेज, हा वाद काही मिटणारा नाही. माझं मत विचाराल तर जुन्या, स्थिर, चांगले शिक्षक असलेल्या कॉलेजचं ईएनटीसी किंवा मेकॅनिकल, हे तीन वर्षांपूर्वी सुरू झालेल्या कॉलेजच्या 'कॉम्प्युटर सायन्स कंसात एआय' पेक्षा बहुतेक वेळा सरस असतं. पण मुलाला मशीनचा मनापासून कंटाळा असेल तर हा सल्ला फुकट आहे. आणि "आत्ता सिव्हिल घेऊ, पुढच्या वर्षी ब्रांच बदलू" या भरवशावर तर अजिबात जाऊ नका. ब्रांच बदल रिकाम्या जागांवर आणि गुणांवर होतो. कॉम्प्युटरमध्ये जागा रिकाम्या राहणाऱ्या कॉलेजात तुम्हाला तसंही थेट कॉम्प्युटर मिळालं असतं.

प्लेसमेंटचे फ्लेक्स बघताना 'हायेस्ट पॅकेज' हा आकडा डोक्यातून काढून टाका. तो एका मुलाचा असतो. विचारायचं ते मधलं, म्हणजे मीडियन पॅकेज. एनआयआरएफ रँकिंगसाठी अर्ज करणाऱ्या संस्थांना किती मुलं पास झाली, किती नोकरीला लागली, मीडियन पगार किती ही माहिती द्यावी लागते आणि ती त्यांच्या वेबसाइटवर पीडीएफमध्ये असते. कॉलेजचं नाव आणि 'एनआयआरएफ डेटा' असं गुगल केलं की सापडते. फ्लेक्सवरचा आकडा आणि हा आकडा शेजारी ठेवून बघा, करमणूकही होईल.

फी: जे मिळतंय ते सोडू नका

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय काढला. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कौटुंबिक वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ. पूर्वी ही सवलत ५० टक्के होती. यात दोन अटी लक्षात ठेवा. प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही. आणि माफी शिक्षण शुल्काची आहे. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस यांची नाही. "मुलींना शिक्षण फुकट" ऐकून काउंटरवर गेलेल्या बापाला तिथे तीस-चाळीस हजारांचा आकडा दिसला की तो हबकतो. कॉलेजच्या फीची फोड आधीच बघून ठेवा. शुल्क नियामक प्राधिकरण प्रत्येक खाजगी विनाअनुदानित कॉलेजची फी ठरवतं, त्यापलीकडे मागणी झाली तर लेखी पावती मागा.

खुल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर शिक्षण शुल्काच्या निम्मी. अर्ज महाडीबीटीवर.

आणि टीएफडब्ल्यूएस. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर शिक्षण शुल्क माफ असलेल्या, मंजूर जागांच्या वर ५ टक्के जागा प्रत्येक ब्रांचला असतात. जात-प्रवर्गाचं बंधन नाही. पण या जागांचा चॉईस कोड वेगळा असतो, शेवटी 'टी' अक्षर असलेला. तो ऑप्शन फॉर्ममध्ये स्वतंत्रपणे लिहावा लागतो. नुसता कॉलेजचा साधा कोड लिहिला तर सिस्टिम आपणहून टीएफडब्ल्यूएसला विचार करत नाही. कटऑफ चढा असतो हे खरं. तरी क्रमाचा नियम इथेही तोच: साध्या कोडच्या वर 'टी' चा कोड लिहा, मिळाला तर चार वर्षांचा मोठा खर्च वाचला, नाही मिळाला तर काही बिघडत नाही.

कागद

याबद्दल थोडक्यात, कारण हे सगळीकडे लिहिलेलं असतं आणि तरीही दरवर्षी जागा याच्यामुळेच जातात. जात वैधता प्रमाणपत्र लागायला वेळ लागतो, बारावीत असतानाच अर्ज टाका. नॉन-क्रिमीलेयरची मुदत तपासा; ते ज्या तारखेपर्यंत चालतं ती ३१ मार्च कुठल्या वर्षाची, हे बघा. ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र राज्याच्या नमुन्यातलं हवं, केंद्राच्या नव्हे. जून महिन्यात सेतू केंद्रात उभं राहून हे कळणं फार वाईट. ही कागदपत्रं वेळेत नसतील तर मूल खुल्या प्रवर्गात गणलं जातं आणि वर केलेली सगळी आकडेमोड कोलमडते.

आणि 'सीट करून देतो' म्हणणारे

खाजगी विनाअनुदानित कॉलेजांत २० टक्के जागा संस्था स्तरावर भरल्या जातात, त्यालाच लोक मॅनेजमेंट कोटा म्हणतात. हा कायदेशीर मार्ग आहे, पण त्यालाही जाहिरात, अर्ज आणि गुणवत्ता यादी लागते. त्यासाठी मध्यस्थ लागत नाही. ठरलेल्या फीच्या वर रोख मागणं हा १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. एजंटचा फोन नेमका पहिला आणि दुसरा राउंड यांच्या मधल्या दिवसांत येतो, जेव्हा घर सगळ्यात जास्त घाबरलेलं असतं. "उद्या संध्याकाळपर्यंतच सीट आहे" हे त्याचं ठरलेलं वाक्य. दोन-तीन राउंड बाकी असताना लाखभर रुपये टोकन देण्याची कुठलीही गरज नसते.

कॅपच्या निकालाची वाट बघताना सुरक्षितता म्हणून एखाद्या खाजगी विद्यापीठात प्रवेश घेतला असेल, तर पैसे भरण्याआधी परताव्याचे नियम आणि तारखा लेखी घ्या. विहित मुदतीत प्रवेश रद्द केला तर प्रक्रिया शुल्क म्हणून फार तर १,००० रुपये कापून बाकी फी परत द्यावी असा नियम आहे. मुदत उलटली की वजावट वाढत जाते किंवा काहीच परत मिळत नाही. मूळ गुणपत्रिका आणि दाखले तपासून परत द्यायचे असतात. ते अडकवून ठेवायला यूजीसी आणि एआयसीटीई दोघांचीही मनाई आहे. कुणी "ओरिजिनल जमा करा, मग बघू" म्हणालं तर हा नियम लेखी दाखवा आणि मूळ कागद घेऊनच बाहेर पडा, कारण पुढच्या राउंडला नवीन कॉलेजच्या काउंटरवर तेच दाखवावे लागणार असतात.